पुण्याच्या उन्हातली डांबरी वाट आणि तिची दुरुस्ती

पुण्यात बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत किंवा सोसायटीच्या दारापासून पार्किंगपर्यंत जाणाऱ्या डांबरी वाटेकडे आपले लक्ष जाते ते जुलैत, पहिला खड्डा पडल्यावर. खापर पावसावर फोडले जाते, पण निम्मे काम मार्च ते मे या तीन महिन्यांत उन्हाने आधीच करून ठेवलेले असते. ऊन आणि हवेतला प्राणवायू यांच्यामुळे डांबरातील हलके, तेलकट घटक वर्षागणिक कमी होत जातात; काळाभोर पृष्ठभाग करडा दिसू लागतो, डांबराचा चिवटपणा जातो आणि जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला की आक्रसताना त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. पुढे त्या भेगांतून पाणी आत शिरते, खालचा मुरूम मऊ पडतो आणि मोटारीचे चाक वरून जाताच पापडासारखा झालेला थर खचतो. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ऊन कुठे लागले आणि पाणी कुठून शिरले, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. दुसऱ्याचे उत्तर न शोधता वरून काळे ओतले, तर तो पैसा पुढच्या आषाढात वाहून जाणार असे समजावे.

इथले हवामानच डांबराला मानवत नाही, असे ठेकेदार सांगतात. ते मनावर घेऊ नये. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर बांधला गेला आणि हमी संपल्यानंतरही कित्येक वर्षे त्याच्यावर खड्डा दिसत नव्हता. ऊन त्यालाही हेच होते आणि पाऊसही हाच.

कामाचा हंगाम आणि दिवसाची वेळ

संक्रांत ते शिमगा हा या कामाचा खरा हंगाम आहे. जमिनीतली पावसाळी ओल तोवर आटलेली असते, सकाळच्या गारव्यात भेगा पुरेशा उघड्या असल्याने त्या भरण्याचा मसाला आत खोलवर जातो आणि दुपारचे ऊन नवा थर दाबला जाण्याइतके ऊबदार असते. एप्रिल-मेमध्ये हवेचे तापमान ३८ ते ४० अंशांवर जाते, डांबराचा काळा पृष्ठभाग मात्र ६० अंशांच्याही वर तापतो; शिवाय दुपारी चारच्या सुमारास वळीव कधी गाठेल याचा नेम नसतो. तरीही उन्हाळ्यातच काम करणे भाग पडले, तर ते सकाळी सात ते साडेदहा या वेळेत उरकावे, आणि थोडे राहिलेच तर ते संध्याकाळी न ओढता दुसऱ्या दिवशी सकाळी करावे.

भर उन्हात काम का करू नये, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. घरगुती दुरुस्तीसाठी आज बहुतेक ठिकाणी इमल्शन वापरले जाते. इमल्शन म्हणजे पाण्यात बारीक कणांच्या रूपात मिसळलेले डांबर. डब्यातून ओतताना त्याचा रंग तपकिरी असतो. पाणी सुटून डांबर खडीला धरले की ते काळे होते. कडक उन्हात मात्र वरचा पापुद्रा मिनिटा-दोन मिनिटांत काळा पडतो आणि खालचे पाणी आतच कोंडले जाते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका ठेकेदाराने मे महिन्यात दुपारी दोन वाजता भेगांवर इमल्शन ओतले. संध्याकाळी काम काळे कुळकुळीत आणि कोरडे दिसत होते. रात्री गाडी आत घेताना दुधावरच्या सायीसारखी वरची कातडी टायरला चिकटून उचलली गेली आणि खाली तपकिरी पाणी जसेच्या तसे निघाले.

आधी पाहणी, मग खरेदी

एखाद्या सकाळी झाडून घेतलेल्या वाटेवर पाण्याच्या दोन-तीन बादल्या ओताव्यात आणि अर्ध्या तासाने परत यावे. जिथे पाणी साचलेले राहील तिथे खडूने गोल काढावा. पाणी साचणे ही उताराची तक्रार आहे. पाणी निघून जाण्यासाठी मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर उतार लागतो, तो पाणसळ आणि सरळ पट्टी घेऊन घरच्या घरी मोजता येतो. त्यानंतर हातोडीने जागोजागी ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर थर खाली बसलेला आहे. बदबद आवाज आला तर तो पायापासून सुटलेला आहे, मग वरून तो कितीही अखंड दिसो.

भेगांचा आकारही बरेच काही सांगतो. एकेकट्या, लांब जाणाऱ्या भेगा बहुधा ऊन आणि वयाच्या असतात. त्या भरल्या की काम भागते. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची जाळी दिसली, तर खालचा पाया गेलेला आहे आणि तिथे भेगा भरत बसणे व्यर्थ आहे. तो तुकडा काढावाच लागतो. वाटेच्या कडेला समांतर गेलेली भेग दिसली, तर आधी शेजारच्या वाफ्याकडे पाहावे. नदीकाठच्या सखल भागांत जिथे काळी माती खोल आहे तिथे हा त्रास विशेष होतो, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि रोजच्या शिंपणाने वाफ्याच्या बाजूला ओली, वाटेच्या मध्याखाली मात्र कोरडी राहते. अशा ठिकाणी कडेला दगडी किंवा काँक्रीटची धार बसवून वाफ्याचे पाणी अडवावे आणि मगच भेगेकडे वळावे.

गुलमोहर किंवा रेन ट्रीच्या मुळांनी वाट उचलली असेल, तर मुळावर कुऱ्हाड चालवू नये. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी परवानगी लागते आणि झाडाला इजा पोहोचवणे हेही त्या कायद्याने तोडण्यातच धरले आहे. तेवढा पट्टा डांबराऐवजी सुट्या फरशांचा किंवा पेव्हर ब्लॉकचा केला, तर मूळ वाढल्यावर ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात.

एकूण क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग मोडला असेल, तर ठिगळे लावण्यात अर्थ उरत नाही. पूर्ण थर नव्याने घालावा. तो जुन्या थरावर घालायचा असेल, तर पातळी वाढून फाटक अडकेल का आणि पावसाचे पाणी पोर्चमध्ये शिरेल का, हे आधी मोजावे. रस्ता चढत गेला आणि घर खड्ड्यात गेले, हा अनुभव पुण्यात नवा नाही. आपल्याच हाताने आपल्याच आवारात त्याची आवृत्ती काढू नये.

भेगा भरणे

तीन मिलिमीटरपेक्षा बारीक भेगा शेवटच्या लेपात बुजतात. तीन ते वीस मिलिमीटर रुंदीच्या भेगा स्वतंत्रपणे भराव्यात, आणि त्याहून रुंद असतील तर त्यांत नुसते इमल्शन न ओतता बारीक ग्रिट, म्हणजे दगडाचा चुरा, आणि इमल्शन यांचे मिश्रण ठासावे. भरण्याआधीची सफाई हेच यातले मुख्य काम आहे. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने किंवा वाकवलेल्या सळईने आतली माती, हरळीची मुळे आणि सुटलेले डांबर उकरून काढावे, तारेचा ब्रश दोन्ही कडांवरून फिरवावा आणि शेवटी ब्लोअरने धूळ उडवावी. धुळीवर ओतलेले डांबर धुळीला चिकटते, भेगेच्या कडेला नाही.

भेग खोल असेल, तर कोरडी, चाळलेली वाळू भरून वरचा एक ते दीड सेंटीमीटर भाग मोकळा ठेवावा, म्हणजे महागाचा मसाला तळाशी नाहीसा होत नाही. मग इमल्शन दोन हातांत, म्हणजे दोन वेळा, भरावे. एका हातात का भागत नाही, याचे उत्तर त्याच्या घटकांत आहे: आरएस-१ या लवकर बसणाऱ्या प्रतीच्या इमल्शनमध्ये डांबर साधारण ६० टक्के असते आणि बाकी बहुतेक पाणीच असते, त्यामुळे काठोकाठ भरलेली भेग सुकल्यावर निम्म्याच्या जवळपास खाली बसते. दुसरा हात पहिला पूर्ण काळा झाल्यावर द्यावा आणि पृष्ठभागाच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबावे. पुण्यातल्या ठेकेदारांना भेगेवर चार बोटे रुंद काळा पट्टा ओढण्याची हौस असते. तो पट्टा भरगच्च दिसतो, पण एप्रिलमध्ये कडा फुगून भेग मिटू लागली की आतले डांबर वर येते आणि चपलांबरोबर थेट घरात जाते. भरून झाल्यावर वर दगडाची कच हलकेच भुरभुरावी, म्हणजे टायर चिकटत नाही.

खड्डा भरणे

खड्डा आहे त्या आकारात भरू नये. त्याच्याभोवती आठ-दहा सेंटीमीटर चांगला भाग आत घेऊन खडूने चौकोन आखावा आणि कटरने, तो नसेल तर छिन्नी-हातोड्याने, कडा सरळ उभ्या कापाव्यात. उतरत्या, पातळ कडेवर चाक आले की तिथला नवा माल चुरा होऊन निघतो; उभ्या कडेला तो टेकून बसतो. खोली किमान पाच सेंटीमीटर ठेवावी आणि तळाशी टणक थर लागेपर्यंत उकरावे. तळात काळी माती किंवा चिखल लागला, तर तो पूर्ण काढून तिथे मुरूम आणि खडी भरावी. मुरमात पाणी किती असावे, याची परीक्षा मुठीत होते: मूठभर मुरूम दाबला असता गोळा टिकला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. सात-आठ सेंटीमीटरचा एकेक थर टाकून धुम्मसने किंवा भाड्याने मिळणाऱ्या प्लेट कॉम्पॅक्टर या ठोकणीच्या यंत्राने ठोकावा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून ठोकला, तर वरचा भाग दगडासारखा लागतो आणि खालचा भुसभुशीत राहतो. पुढे जे बसते ते त्या खालच्या भागातच. हे सारे झाल्यावर खड्डा एक पूर्ण दिवस उन्हात उघडा सोडावा. पुण्याच्या उन्हाचा खरा उपयोग या कामात इथे आहे, तो पुरेपूर करून घ्यावा.

आता चिकटण्यासाठी इमल्शनचा हात. प्रमाण दर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास धरावे. समजा चौकोन ६० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि पाच सेंटीमीटर खोल आहे. तळ आणि चारही कडा मिळून क्षेत्र अर्ध्या चौरस मीटरच्या आतच भरते, म्हणजे इमल्शन सव्वाशे ग्रॅम, थोडक्यात चहाचा एक कप पुरते. प्रत्यक्षात मजूर डबाभर ओततात आणि खड्ड्यात काळे तळे साचते. जास्तीचे डांबर उन्हाळ्यात वर येते, थर सरकवते आणि वाटेवर चकचकीत डाग पाडते. रंग देण्याच्या ब्रशने पातळ हात फिरवावा, कडांना विसरू नये आणि तपकिरी रंग पूर्ण काळा होऊन बोटाला चिकट लागेपर्यंत थांबावे. याच ठिकाणी ‘थोडे डिझेल टाकू का, पातळ होईल’ असा प्रश्न हमखास येतो. डिझेल आणि रॉकेल डांबर विरघळवतात. त्याच गुणामुळे ते हातावरचे डाग काढतात आणि त्याच गुणामुळे ठिगळाखाली गेले तर ते कायमचे मऊ ठेवतात. फावड्याला माल चिकटू नये म्हणून साबणाचे पाणी पुरेसे असते.

भरण्यासाठी गोणीत मिळणारे कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता वापरायचे खडी-डांबराचे मिश्रण, घरच्या कामाला सोयीचे पडते. वर सांगितलेल्या चौकोनाला दाबून बसलेला माल साधारण ४० किलो लागतो, म्हणजे २५ किलोच्या दोन गोण्या आणाव्यात. हिवाळ्याच्या शेवटी गोणी तासभर उन्हात ठेवली तर माल सैल होऊन चांगला पसरतो. मेमध्ये ती सावलीतच ठेवावी. माल दोन थरांत भरावा, प्रत्येक थर कडेकडून मध्याकडे ठोकत यावा आणि शेवटचा थर भोवतालच्या पृष्ठभागाहून पाच-सहा मिलिमीटर वर ठेवावा, कारण चाकांखाली तो आणखी थोडा बसतो. सरळ पट्टी आडवी धरून पाहावी. डोळ्याला सपाट वाटणारे ठिगळ पट्टीखाली अनेकदा बशीसारखे खोलगट निघते आणि त्या बशीत जूनमध्ये पाणी साचते. वर कच भुरभुरून पुन्हा एकदा ठोकले की काम झाले.

सोसायटीच्या मोठ्या तुकड्यासाठी हॉटमिक्स, म्हणजे गरम खडी-डांबराचे मिश्रण, मागवले, तर वाहन आल्यावर सर्वांत आधी तापमान तपासावे. व्हीजी-३० या, घट्टपणावरून ठरवलेल्या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंशांवर असावा आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलर फिरून झालेला असावा. उन्हाळा आहे म्हणून माल गरम राहील, हा भ्रम आहे. पातळ थर मे महिन्यातही झपाट्याने निवतो. ताडपत्री नसलेली गाडी आणि वाफ न निघणारा, करडट दिसणारा माल परत पाठवण्याचा अधिकार करारातच लिहून घ्यावा; माल उतरल्यावर मग हुज्जत घालून उपयोग नसतो. गरम डांबर अंगावर उडाले तर तो भाग लगेच थंड पाण्याखाली धरावा, चिकटलेले डांबर ओढून काढू नये आणि डॉक्टर गाठावा.

तेलाचे डाग आणि स्टँडचे खळगे

गाडी रोज उभी राहते तिथे इंजिन ऑइल ठिबकून डांबर मऊ पडते. डाग ताजा असेल, तर त्यावर कोरडी माती किंवा भुसा टाकून तेल शोषून घ्यावे आणि नंतर धुण्याच्या सोड्याने घासून धुवावे. बोटाने दाबल्यावर डांबर दबत असेल, तर तो भाग खड्डा समजून कापावा. तेलकट जागेवर कोणताही लेप धरत नाही.

स्कूटरच्या स्टँडने पडणाऱ्या खळग्यांचे कारण वेगळे आहे. व्हीजी-३० डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडू लागते ते तापमान, किमान ४७ अंश ठरवलेला आहे आणि उन्हाळ्यात वाट त्याहून कितीतरी जास्त तापते. तरी ती वाहून जात नाही, कारण वजन खडी एकमेकींत अडकून पेलत असते. स्टँडचे टोक मात्र दोन खड्यांच्या मधोमध टेकते आणि रुतते. यावर पुण्यात घरोघर वापरला जाणारा फरशीच्या तुकड्याचा उपाय अगदी योग्य आहे. नवीन ठिगळावर तर पहिला उन्हाळाभर फरशी ठेवावीच.

वरचा लेप

ठिगळे आणि भेगा महिनाभर वापरून बसल्यानंतर संपूर्ण वाटेवर इमल्शन आणि बारीक कच यांचा पातळ लेप दिला, तर उन्हाचा पहिला मारा तो झेलतो. दुकानात ‘डांबर’ या एकाच नावाने कोळशापासूनचे टारही मिळते. ते आरोग्याला घातक आहे, घराच्या आवारात वापरू नये. सकाळी वाट धुऊन, साचलेले पाणी निपटून, पृष्ठभाग किंचित दमट असताना काम सुरू करावे, म्हणजे तापलेला दगड इमल्शनमधले पाणी एकदम ओढून घेत नाही. एक जाड लेप देण्यापेक्षा दोन पातळ लेप द्यावेत आणि दुसरा पहिल्याला आडवा ओढावा. त्यानंतर दोन दिवस गाडी रस्त्यावर उभी करण्याची सोय आधीच करून ठेवावी. पुण्यात हीच गोष्ट डांबराहून अवघड ठरते. हा लेप तीन-चार वर्षांतून एकदा पुरे. दरवर्षी दिला तर थरावर थर साचून तोच सोलपटतो, आणि खालचा खड्डा तर लेपाने कधीच भरत नाही.

दुरुस्तीनंतर महिनाभर त्या जागेवर गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवू नये. चालत्या चाकाने ठिगळ दाबले जाते. जागच्या जागी वळणारे चाक खडी उपटते. घरातल्या सर्वांना, विशेषतः नव्याने गाडी शिकणाऱ्यांना, हे सांगून ठेवावे.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस थांबला की छत्री घेऊन एक फेरी मारावी. ठिगळाच्या कडेने बुडबुडे येत असतील, तर पाणी आत जात आहे. ती जागा विटेच्या तुकड्याने आखावी, उघडीप मिळताच ती कड साफ करून, कोरडी करून इमल्शनने बुजवावी आणि डबके जिथे साचले त्याचे फाटकापासूनचे अंतर वहीत लिहून ठेवावे, कारण संक्रांतीनंतर टिकाव हातात घ्याल तेव्हा ते डबके तिथे नसेल.